बाराऐवजी दहा

ढग आले आणि बरसलेच नाहीत. नुसता वारा सुटला, हाडांत शिरणारा, आणि सलग तीन दिवस शेडच्या गोणपाटी पडद्यांशी त्याची झोंबाझोंबी चालली. शेडमध्ये कोंबड्यांची पाच दिवसांची चार हजार पिल्लं होती. त्यांना सांभाळायला माणसं दोनच, ती आणि तिचा नवरा. शेडच्या टोकाला एक विटांची खोली होती. तिथं हे दोघं आणि नवऱ्याची म्हातारी आई राहत. खोलीला भाडं नव्हतं. काम होतं तोवर छप्पर होतं आणि काम गेलं की छप्परही जाणार, एवढा सरळ व्यवहार.

म्हातारीला दमा होता. थंडी पडली की तिच्या छातीत भाता चालू व्हायचा आणि खोकता खोकता ती निळीजांभळी व्हायची. मागच्या थंडीत ती जाता जाता राहिली होती. त्यामुळे वारा सुटला त्या दिवशीच नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. पिल्लांसाठी नव्हे, आईसाठी.

पिल्लांना ऊब द्यायला पूर्वी शेडमध्ये कोळशाच्या शेगड्या असत. गेल्या वर्षी मालकानं त्या भंगारात घातल्या आणि आढ्याला चार हीटर टांगले. दाराजवळ लाकडी बोर्ड ठोकून त्यावर दोन मीटर बसवले, एक व्होल्टचा आणि एक अँपियरचा. बोर्डाखाली खिळ्याला दोरीनं रजिस्टर बांधलं. दर दोन तासांनी दोन्ही सुया बघायच्या आणि आकडे लिहायचे, असा नियम झाला. नवऱ्याला अक्षरओळख नव्हती. ती दहावीपर्यंत शिकलेली, म्हणून लिहिण्याचं काम आपसूक तिच्याकडे आलं.

पहिल्याच महिन्यात तिनं सुईवर दिसले ते दोनशेपाच व्होल्ट लिहिले, तेव्हा मालक तिच्यावर डाफरला होता.

"कोंबड्यांच्या कंपनीचा डॉक्टर येऊन हे बघतो. त्याला असले आकडे दाखवू मी? वर दोनशेचाळीस लिहायचं, खाली वीस. रोज. डोकं चालवायला तुला कुणी सांगितलं नाही, मास्तरीणबाई."

तेव्हापासून 'मास्तरीण' हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. रजिस्टर मात्र देखणं होत गेलं. ती आठवड्यातून एकदा बसून सात दिवसांचे रकाने एका दमात भरून टाकायची. दोनशेचाळीस, वीस, दोनशेचाळीस, वीस. नवरा प्रत्येक पानाखाली अंगठा उमटवायचा. पुढच्या आठवड्यात वीज कशी येणार हे त्या रजिस्टराला आधीच ठाऊक असायचं.

पण तिला ते सोसायचं नाही. तिचा बाप वायरमन होता, खांबावरून पडून गेला. बापानं तिला जेवायच्या पाटावर खडूनं शिकवलं होतं. व्होल्ट म्हणजे मागून लागणारा जोर आणि अँपियर म्हणजे तारेतून वाहणारी धार. जोराला धारेनं गुणलं की किती वॅट काम झालं ते निघतं. जोराला धारेनं भागलं की तारेचा अडथळा निघतो, त्याचं माप ओहम. बाप म्हणायचा, गुणाकार करून थांबू नकोस, भागून बघ, खोट असेल तर तिथंच सापडते. त्यामुळे खोटं रजिस्टरात लिहून झालं की खरं ती कोळशानं भिंतीवर लिहायची, खाद्याच्या पोत्यांमागे, कुणाला दिसणार नाही असं. त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. तिला बरं वाटायचं, एवढंच.

वारा सुटला त्या दिवशी सकाळी तिनं भिंतीवर लिहिलं, २४० – २०. दुसऱ्या दिवशी दुपारी लिहिलं, १८० – १५. गारठ्यानं जो तो घरात काही ना काही पेटवून बसलेला, त्यामुळे जोर उतरत चालला होता. संध्याकाळी १६८ – १४ झालं. हीटरच्या तारा लालभडक असायच्या, त्या आता विझत्या निखाऱ्याच्या रंगाच्या झाल्या. पिल्लं हीटरखाली दाटी करू लागली.

"अहो, मालकांना जाऊन सांगा," ती नवऱ्याला म्हणाली. "निम्मीच ऊब मिळतेय म्हणावं. जुन्या शेगड्या कुठं पडल्या असतील तर मागून आणा, नाहीतर कोळसा तरी."

तो गेला आणि तासाभरानं हात हलवत परत आला. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता.

"गाडी धुवायला लावली," तो म्हणाला. "धुऊन झाल्यावर सांगितलं मी. तर म्हणाले, सुया बघायला ठेवलंय का तुला? पडदे घट्ट बांध आणि पिल्लांकडं बघ."

"व्होल्ट किती ते सांगितलं का?"

"मला आकडा कुठं लक्षात राहतो," तो म्हणाला आणि ओला पायजमा पिळायला लागला. बोटं इतकी आखडली होती की त्याला नीट पिळताही येईना.

तिसरा दिवस वैऱ्यावरही येऊ नये असा गेला. सकाळी १५० – १५. थोड्या वेळानं १४० – १४. दुपारी सुई आणखी खाली आली, १२० – १२. तिनं आकडे खरडले, पण गुणायला की भागायला सवड कुणाला होती? गारठलेलं पिल्लू दुसऱ्याच्या अंगाखाली शिरतं, त्याच्या अंगाखाली तिसरं, आणि बघता बघता कोपऱ्यात गुडघाभर ढीग होतो. वरची थंडीनं मरतात, खालची गुदमरून. ढीग हातानं फोडत राहायचं, दुसरा इलाजच नाही. दोघं भुशावर गुडघे टेकून ओंजळी भरभरून पिल्लं बाजूला सारत होती. इकडचा ढीग फोडावा तर तिकडं दुसरा झालेला. विष्ठेच्या वाफेनं डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिच्या बोटांच्या भेगांत भुसा शिरून रक्त येत होतं, ते पिल्लांच्या पिवळ्या लवेला लागत होतं.

नवरा मधूनच उठायचा. "आईला बघून येतो," म्हणायचा आणि लगेच परत यायचा.

दुपारी चार घास खायला ती खोलीत गेली तेव्हा तिला नवल वाटलं. खोली उबदार होती. म्हातारी गोधडीत शांत पडली होती, छातीतला भाता बंद होता. खाटेला चारी बाजूंनी पोतं सोडलेलं होतं.

"वीट तापवून ठेवलीय खाटेखाली," नवरा दारातून म्हणाला. "तू जेव."

तिनं मान डोलावली. खाटेला पाठ लावून जेवली आणि जेवण झाल्यावरही दोन मिनिटं तशीच बसून राहिली. बोटांत जीव येत होता. उठावंसं वाटेना. मग शेडमधून ढीग कोसळल्यासारखा चिवचिवाट आला आणि ती धावली.

संध्याकाळपर्यंत चिवचिवाट कमी कमी होत गेला. शेड शांत व्हायला लागली तशी तिला जास्त भीती वाटायला लागली.

चौथ्या दिवशी वारा पडला आणि लख्ख ऊन आलं, जसं काही झालंच नव्हतं. मालक आला तो वायरमनला बरोबर घेऊनच. हा वायरमन तिच्या बापाच्या हाताखाली शिकलेला, तिच्या लग्नात पंगत वाढलेला. ती त्याला काका म्हणायची. त्यानं बोर्डाचा मेन स्विच खाली ओढला, शिडी लावून चारही हीटर उघडले, तपासले, बंद केले.

"हीटर चांगले आहेत," तो म्हणाला.

मालक मधोमध उभा होता. चहूकडे पिवळे ढीग. उरलेली हजारबाराशे पिल्लं उन्हाच्या पट्ट्यात पेंगत होती. मालकानं रजिस्टर खिळ्यावरून ओढलं, दोरी तुटली.

"दोनशेचाळीस, वीस. परवा, काल, तिन्ही दिवस," त्यानं वाचलं. "वीज पुरी होती आणि हीटर चांगले होते. मग माझी पिल्लं कशानं मेली?"

नवरा खाली बघत म्हणाला, "मालक, वीज कमी..."

मालकानं रजिस्टर त्याच्या तोंडावर मारलं. जोरात नव्हे, माशी मारावी तसं. मग दुसऱ्यांदा मारलं.

"हा अंगठा कुणाचा आहे? तुझाच ना? हीटर बंद करून झोपलात दोघं. आज खोली सोडायची. आणि मी चौकीवर जाणार आहे, ते वेगळं."

खोली सोडायची म्हणजे म्हातारीला उचलून रस्त्यावर न्यायचं, आणि रस्त्यावर तिचे किती दिवस निघणार?

"मालक, रजिस्टर खोटं आहे," ती म्हणाली. "तुम्हीच तसं लिहायला सांगितलं होतं. खरं मी लिहून ठेवलंय."

तिनं पोती ओढली. एकेक पोतं पन्नास किलोचं. कुणी हात लावला नाही. भिंत उघडी पडली तसे कोळशाचे आकडे दिसू लागले, तारीखवार, सरळ ओळीत. वायरमनच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं. "बापाचं अक्षर," तो पुटपुटला.

"हे मला काय कळणार?" मालक म्हणाला.

"कळेल, मी सांगते." तिनं कोळसा घेतला. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या पायांखाली जमीन आली होती. "पहिल्या दिवशी दोनशेचाळीस व्होल्ट, वीस अँपियर. गुणा. चार हजार आठशे वॅट. ही पुरी ऊब. आता कालची दुपार. एकशेवीस आणि बारा. गुणा. चौदाशेचाळीस. कुठं चार हजार आठशे आणि कुठं चौदाशेचाळीस! तिसरा हिस्सासुद्धा नाही. पिल्लं झोपेनं नाही मेली, मालक, विजेनं मेली. हीटर बंद असते तर सुईनं बारा दाखवलेच नसते."

मालकानं वायरमनकडे बघितलं. "बरोबर आहे हे?"

"बरोबर आहे," वायरमन म्हणाला. तो भिंतीच्या जवळ सरकला होता. त्याची नजर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेली, परत वर आली, आणि त्याचं हसू मावळलं. "एवढं पुरे आहे, पोरी," तो घाईनं म्हणाला. "गुणाकारानं झालं तुझं काम. पुस आता ते."

"कसं पुरे? तू नुसते आकडे मांडलेस म्हणून विश्वास ठेवू?" मालक म्हणाला. "काल रात्री बसून लिहिले असशील."

वायरमन तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होता. तिला वाटलं, काकाला मालकाची भीती वाटते. तिला राग आला, आणि त्या रागात बापाचा पाट आठवला.

"मनानं लिहिलेले आकडे भागाकाराला टिकत नाहीत," ती म्हणाली. "नीट बघा. हीटरच्या तारेचा अडथळा म्हणजे तिचा स्वभाव. जोर कमी होवो की जास्त, तो तोच राहतो. व्होल्टला अँपियरनं भागलं की तो निघतो. दोनशेचाळीस भागिले वीस, किती?"

"बारा," मालक म्हणाला. व्यवहाराचा माणूस होता, तोंडी हिशेबात पक्का.

"बारा ओहम. आता दुसऱ्या दिवशीचे बघा. एकशेऐंशी भागिले पंधरा, बारा. एकशेअडुसष्ट भागिले चौदा, बारा. बघितलंत? मी मनानं लिहिले असते तर दर वेळी बारा कसे आले असते?"

"पोरी, ऐक माझं," वायरमन म्हणाला.

"आणि कालचे," ती म्हणाली. कोळसा भिंतीवर सरसर चालला. "दीडशे भागिले पंधरा, दहा. एकशेचाळीस भागिले चौदा, दहा. एकशेवीस भागिले बारा..."

तिनं दहा लिहिले. लिहून झाल्यावर ती त्या तीन दहांकडे बघत राहिली.

शेडमध्ये उरलेली पिल्लं चिवचिवत होती. वायरमननं तोंड फिरवलं. नवरा मात्र भिंतीकडे बघत नव्हता, त्याला त्यातलं काही कळतही नव्हतं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता आणि त्याचा रंग उडाला होता.

"बारा पाहिजेत ना?" मालक म्हणाला. "आताच म्हणालीस, स्वभाव आहे, बदलत नाही. मग कालच दहा कसे?"

तिला कसे ते कळलं होतं. अडथळा कमी झाला, म्हणजे चार हीटरांच्या जोडीला त्याच तारेवर पाचवं काहीतरी लागलेलं होतं. काल सकाळपासून. खाटेला चारी बाजूंनी सोडलेलं पोतं तिच्या डोळ्यांपुढे आलं. उबदार खोली आणि तिथं बसून काढलेली ती दोन मिनिटं आठवली. वीट कसली आणि काय कसली.

"सुई नीट दिसली नसेल मला," ती म्हणाली.

"तिन्ही वेळा?" मालक हसला. मग वायरमनला म्हणाला, "मेन चालू कर."

वायरमन हलला नाही. मालकानं स्वतःच मेन वर ढकलला. दोन्ही सुया थरथरल्या आणि थांबल्या. व्होल्टची दोनशेचाळीसवर थांबली. अँपियरची विसावर थांबली नाही, पुढं गेली आणि चोवीसवर स्थिरावली.

"चार जास्तीचे," मालक म्हणाला. त्यानं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी घरच्यासारखा. "जा, काढून ये. आणि मास्तरीणबाई, तू इथंच उभी राहा. सुई बघून आकडा सांग. तुझ्याच तोंडून ऐकू दे."

नवरा खोलीत गेला. ती बोर्डासमोर उभी राहिली. सुई चोवीसवर होती. खोलीतून म्हातारीचा आवाज आला, "काय रे, कशाला काढतोस? असू दे की." मग काहीतरी ओढल्याचा आवाज आला. सुई खाली आली.

"किती?" मालकानं विचारलं.

तिनं खोलीच्या दाराकडे बघितलं.

"किती?"

"वीस," ती म्हणाली.

नवरा विजेची शेगडी हातात घेऊन आला, मातीची, तारेच्या वेटोळ्याची, भंगारातली. तिची लाली अजून गेली नव्हती. तळहात भाजत होता तरी त्यानं ती खाली ठेवली नाही. कुठं ठेवायची ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे माझी पिल्लं गारठत होती," मालक म्हणाला, "आणि त्यांच्या वाटणीच्या विजेवर तुझी म्हातारी शेकत होती."

"नाही, मालक." ती आता हात जोडून बोलत होती. "पिल्लांच्या वाट्याचं काही गेलं नाही. एकशेवीस व्होल्टला हीटरांच्या बारा ओहमनं भागलं की दहा. हीटर त्यांचे दहा अँपियर घेतच होते. वरचे दोन तेवढे शेगडीचे. शेगडी नसती तरी हीटरांना दहाच मिळाले असते. पिल्लं मेलीच असती. काका, तुम्ही सांगा. तुम्हाला माहीत आहे."

मालकानं वायरमनकडे बघितलं. वायरमन तारेचं भेंडोळं गुंडाळत होता. चांगलं गुंडाळलेलं त्यानं सोडलं आणि परत गुंडाळायला घेतलं.

"असं ठामपणे काही सांगता येत नाही," तो म्हणाला. "लाइनीवर भार पडतोच थोडाफार."

"झालं," मालक म्हणाला.

त्यानं निकाल तिथंच दिला. ढीग आज पुरायचे, वास सुटायच्या आत. उद्या सकाळी खोली रिकामी. रजिस्टर जसं आहे तसं राहील. भिंत मात्र आत्ता, त्याच्या देखत, ओल्या फडक्यानं पुसायची. तिनं पुसली. कोळसा आधी पसरून भिंत काळी झाली, मग हळूहळू राखाडी. पहिल्या दिवसाचे दोनशेचाळीस की कालचे एकशेवीस, काहीच वाचता येईना. शेगडी मालकानं गाडीत टाकली.

जाताना वायरमन तिच्याजवळ थांबला.

"मी तुला थांबवत होतो," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"काका, खरं काय ते तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं. मला यांच्याकडे वर्षभर काम असतं, पोरी." तो शिडी खांद्यावर घेऊन गाडीमागून चालत गेला.

दुपारभर नवऱ्यानं शेडमागे खड्डा खणला. वरची माती थंडीनं आवळली होती, कुदळ उडून यायची. भाजलेल्या तळहातावर फोड आला, तो फुटला, दांडा चिकट झाला. ती टोपल्या भरून आणत होती. एका टोपलीत पन्नास. मालकानं आकडा मागितला होता. मेलेल्या पिल्लाला वजनच नसतं. पन्नासांची टोपली भरली तरी रिकामी उचलल्यासारखी वाटत होती.

ऊन उतरलं तसा गारवा परत आला. खड्डा निम्मा भरला होता. नवरा कुदळ टेकून उभा राहिला.

"आई मरत होती," तो म्हणाला. "तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"हो," ती म्हणाली. मग टोपली उचलत म्हणाली, "नाही, नको म्हटलं नसतं मी."

खोलीतून खोकला ऐकू आला. एकदा, मग थांबून पुन्हा. मग तो थांबेचना.

नवऱ्यानं खोलीकडे बघितलं नाही. "मला भागाकार येत नाही," तो तिला म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मालक नुसते ऐकत होते, भागत तूच होतीस. कोळसा तुझ्या हातात होता. दहा आले होते, तर बारा लिहिता आले नसते तुला? घाईत कुणी बघितलं असतं? वर्षभर रजिस्टरात लिहीतच होतीस की खोटं."

ती टोपली घेऊन तशीच उभी राहिली. तिला खरंच आठवून बघायचं होतं की त्या वेळी बारा लिहावेत असं क्षणभर तरी मनात आलं होतं का. दीडशे भागिले पंधरा. हात कसा सरसर चालला होता, किती बरं वाटत होतं. बाप समोर बसल्यासारखा वाटला होता.

"मला सुचलंच नाही," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि कुदळ उचलली. ती टोपली खड्ड्यात रिकामी करून पुढची भरायला शेडमध्ये गेली. बोर्डावर सुया दोनशेचाळीस आणि विसावर स्थिर होत्या. तिनं नको नको म्हणताना मनात भागाकार केलाच. बारा आले, आणि खोलीतला खोकला तिला तिथंपर्यंत ऐकू येत होता.